अगत्तीची धावपट्टी आणि माणशी तेरा लिटर

प्रति,
भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि लक्षद्वीप प्रशासन यांतील संबंधित अधिकारी

महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

मी पेडण्याचा. पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त. मोपाचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, आमच्या मागल्या दारातून दिसतो. पूर्वी संध्याकाळी तिथून गुरे उतरायची, आता विमाने उतरतात. पत्र मात्र मोपाविषयी नाही, अगत्तीविषयी आहे. तुम्ही म्हणाल, पेडण्याच्या मास्तराला लक्षद्वीपची कसली उठाठेव? बरोबर आहे. पण २०२४ साली ‘फ्लाय ९१’ या गोव्यातल्याच कंपनीने मोपाहून अगत्तीला विमान सुरू केले आणि जे बेट मी जन्मभर फळ्यावर खडूचा एक ठिपका देऊन दाखवत आलो, ते दोनेक तासांवर आले. प्रवेशाचा परवाना काढला आणि जाऊन आलो. डोळ्यांनी पाहून आलेल्या माणसाला दोन शब्द बोलायचा हक्क असतो, असे मी धरून चालतो.

उतरायच्या वेळी विमान वळले आणि खाली सगळे बेट दिसले. सगळे म्हणजे सगळे, एका खिडकीत मावलेले. हिरव्या-निळ्या पाण्यात माडांची एक लांबट पट्टी आणि तिच्या शेपटीला करडी रेघ. ती रेघ म्हणजे तुमची धावपट्टी. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला पाणी, टोकाला पाणी. चाके टेकली आणि ब्रेक असा लागला की माझे कपाळ पुढच्या सीटला टेकायचे थोडक्यात राहिले. माझ्या शेजारी अगत्तीचे एक वयस्क गृहस्थ होते, मुलाकडे मडगावला चार दिवस राहून परत निघालेले. त्यांना त्या ब्रेकचे काही नव्हते, ते पायाजवळची पिशवी सावरत होते. मी घाबरलेला पाहून हसले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले की पूर्वी कोचीला जायचे तर रात्रभर बोटीत पडून राहायचे. समुद्र खवळलेला असला तर पोटात काही ठरायचे नाही, आणि तिकीट मिळाले तर नशीब. त्या मानाने हा ब्रेक काय!

हे आधी सांगतो, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणेल, की ज्यांना दोन-दोन विमानतळ आहेत त्यांना बेटावरच्यांचा एकही पाहवत नाही. तसे नाही. अगत्तीला विमान हवेच. लक्षद्वीपच्या दहा वस्तीच्या बेटांना मिळून आज चालता असा हाच एक विमानतळ आहे. बाळंतपण अडले, हृदयाचा झटका आला, की हेलिकॉप्टरने कोचीला न्यावे लागते. पाऊस-वाऱ्यात तेही अडते. अशा ठिकाणी विमान ही चैन नव्हे.

धावपट्टी आखूड आहे हेही मान्य. १९८८ साली ती सुरू झाली ती छोट्या डॉर्नियर विमानांसाठी. पुढे थोडी वाढवली, आता ती सुमारे १,२९० मीटर आहे. आमच्या मोपाची ३,५०० मीटर. इतक्या आखूड पट्टीवर एटीआर, म्हणजे आज तिथे येणारे पंख्यांचे विमान, उतरवायचे म्हणजे वैमानिकाला हिशेब करावा लागतो. ऊन तापले की हवा विरळ होते, पट्टी ओली असली की थांबायला जास्त अंतर लागते, मग वजन कमी ठेवा, कधी आसने रिकामी सोडा, कधी सामान. धावपट्टीच्या टोकापलीकडे चुकीला जागा नसली की काय होते ते आपल्या पश्चिम किनाऱ्याने दोनदा पाहिले आहे. २०१० साली मंगळूरला विमान पट्टी ओलांडून दरीत गेले, १५८ माणसे गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये भर पावसात कोझिकोडला तेच झाले, २१ गेली. तेव्हा टोकाला सुरक्षापट्टा हवा, आजचे विमान निर्धास्त उतरेल आणि भरून उडेल एवढी लांबी हवी, यावर माझे तुमचे भांडण नाही. तो पट्टा ९० मीटरांचा करायचा की २४० चा, हे तुमच्या तांत्रिक माणसांनी ठरवावे, भूगोलाच्या मास्तराने नव्हे.

पण गेली दोन-तीन वर्षे जे वाचायला मिळते ते एवढ्यावर थांबत नाही. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान अगत्तीला उतरले, शेजारच्या बंगाराम बेटावर गेले, पाण्यात पोहतानाचे त्यांचे फोटो देशभर फिरले आणि एका आठवड्यात लक्षद्वीप हे प्रत्येकाच्या ‘जायचे आहे’च्या यादीत आले. पुढच्याच महिन्यात अर्थसंकल्पात बेटांवरच्या बंदरांचा आणि पर्यटनाचा उल्लेख झाला. लक्षद्वीपच्याच मिनिकॉय बेटाला नवा विमानतळ, अगत्तीला मोठी जेट विमाने उतरतील अशी धावपट्टी, असे बेत बाहेर आले. पट्टी दक्षिणेकडे शेजारच्या कल्पिट्टी बेटापर्यंत नेण्याची कल्पनाही मागे मांडून झाली आहे.

आजचे एटीआर सुखरूप उतरावे म्हणून पट्टी काही मीटर वाढवणे ही एक गोष्ट. एअरबस उतरावे म्हणून ती दोन किलोमीटरांच्या घरात नेणे ही अगदी दुसरी. पहिली गरज बेटाची, दुसरी बाजाराची. सरकारी कागदावर मात्र दोन्हींना ‘विस्तारीकरण’ हा एकच शब्द असतो, आणि गोम तिथेच आहे. रुग्णाचे नाव पुढे करून पर्यटकाची पट्टी बांधली जाते. मोठे विमान चालवणाऱ्याला दीडशे-पावणेदोनशे आसने रोज भरावी लागतात. २०११ च्या जनगणनेत अगत्तीची लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपास होती. एवढ्या लोकांतून रोजची तेवढी आसने भरत नाहीत. मग ती कोण भरणार, ते कुठे राहणार, काय पिणार, त्यांचा मैला कुठे जाणार, हे प्रश्न धावपट्टीच्या लांबीतच दडलेले असतात. लांबी ठरली की उत्तरेही ठरली. म्हणून माझे म्हणणे एवढेच की लांबी ठरवण्याआधी हे प्रश्न सोडवा, आणि सोडवलेले गणित बेटावर, बेटाच्या भाषेत लावा.

गणिताची सुरुवात मी करून देतो, सवयच आहे.

मोपा विमानतळासाठी घेतलेली जमीन सुमारे २,१०० एकर, म्हणजे साडेआठ चौरस किलोमीटर. अगत्ती हे आख्खे बेट चार चौरस किलोमीटरही भरत नाही. आमच्या एका सड्यावर दोन अगत्ती मावतात आणि वर थोडी जागा उरते. त्या बेटावर चौरस किलोमीटरला दोन हजारांच्या आसपास माणसे आजच राहतात. मोकळी जमीन म्हणून तिथे काही नसतेच. जी दिसते ती कुणाच्या तरी माडांची असते.

आता पाणी. प्रवाळबेटावर नदी नसते, ओहोळ नसतो, डोंगर नसतो. पावसाचे गोडे पाणी वाळूत झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, ताकावर लोणी तरंगावे तसे. विहीर खणली की हातभर खाली गोडे पाणी लागते, पण जास्त उपसले की खालचे खारे वर येते, आणि एकदा आले की लवकर जात नाही. शेजारी शौचखड्डे वाढले तर तेच पाणी नासते. म्हणून २०११ साली अगत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प बसवला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे ते काम, आणि खरोखर कौतुकाचे: खोल समुद्रातले थंड पाणी वर आणून त्याने वरच्या कोमट पाण्याची वाफ गार करायची. लक्षद्वीपची राजधानी कवरत्तीला असा प्रकल्प २००५ पासून आहे. पण अगत्तीच्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला १ लाख लिटर. साडेसात हजारांनी भागा. माणशी तेरा लिटर आणि काही थेंब.

तेरा लिटर म्हणजे आमच्याकडची एक कळशी. पिणे आणि रांधणे निघते, बाकीचे विहिरीवर. आता रोज दीडशे पाहुणे येतात असे धरा, आणि ते चार दिवस राहतात असे धरा. बेटावर कोणत्याही क्षणी सहाशे जण जास्तीचे. पाहुणा एका कळशीत भागवत नाही. तो पोहून येतो, अंगावरचे मीठ धुतो, संध्याकाळी पुन्हा आंघोळ करतो. त्याची चादर रोज धुतली जाते. कळंगुट, हणजुण, हरमलच्या पट्ट्यात आम्ही हे पाहिले आहे. नळाला पाणी पुरेना झाले की हॉटेलच्या दारात टँकर लागतो, आणि तो टँकर आतल्या गावातल्या कुणाच्या तरी विहिरीवर भरलेला असतो. विहिरीची पातळी कुठे गेली ते मार्चमध्ये कळते. गोव्यात निदान आतले गाव आहे. अगत्तीला आतले गाव नाही. टँकर कुठून भरणार?

आणखी प्रकल्प बसवू, असे तुम्ही म्हणाल. बसवा. पण मग त्याला वीज लागेल, आणि बेटावरची वीज मुख्यतः डिझेलवर चालते, आणि डिझेल बोटीने येते, आणि बोटींचे काय चालले आहे ते तिथल्या माणसाला विचारा. एका धावपट्टीच्या मागे ही साखळी ओढली जाते. यातल्या कोणत्या कड्या आजच बसवल्या आहेत आणि कोणत्या कागदावर आहेत, एवढे तरी लिहून द्या.

आता लगूनविषयी, म्हणजे बेट आणि प्रवाळांची रांग यांच्यामधल्या उथळ पाण्याविषयी, थोडे जास्त लिहितो, रागावू नका. भूगोलाच्या पुस्तकात लगूनला खाजण म्हणतात आणि दरवर्षी माझ्या वर्गात त्यावरून गोंधळ व्हायचा. गोव्यात खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. खाजनाला मानस असते, म्हणजे बांधातले लाकडी दार. भरतीला ते मिटते, ओहोटीला उघडते. मानसीवर बसणाऱ्या माणसाला पाणी कधी येते, कुठून येते, किती येते हे पाठ असते. बांध एका जागी फुटला की दहा शेते खारी होतात, आणि चुकीच्या जागी बांधला तरी तेच होते. पाण्याची वाट अडवली की ते दुसरी वाट काढते, वाळू एका काठावरून उचलते आणि दुसऱ्या काठावर टाकते. हे आमच्याकडे शेंबडे पोर जाणते. प्रवाळबेट म्हणजे वाळूचाच ढीग, त्याला खडकाचे हाड नाही. अगत्तीपासून जवळच बंगारामच्या प्रवाळवलयात परळी नावाचे एक निर्मनुष्य बेट होते. (नावावरून वैजनाथ आठवेल, पण संबंध नाही.) छोटेसेच, तीन-साडेतीन हेक्टरांचे. अभ्यासकांनी २०१७ साली सांगितले की ते संपले, झिजून पाण्याखाली गेले. तिथे तर कुणी धावपट्टीही बांधली नव्हती. तेव्हा भराव घालून पट्टी पाण्यात पुढे नेली तर प्रवाह कुठे वळेल, कोणता किनारा खचेल, हे तीन ऋतूंत मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. एका फेब्रुवारीत येऊन, स्वच्छ उन्हात चार नमुने घेऊन तर नाहीच नाही.

दुसरे कारण मासळीचे. लक्षद्वीपचे लोक ट्यूना, म्हणजे आपला कुपा, जाळ्याने नव्हे तर काठी-गळाने एकेक करून पकडतात. त्यासाठी आधी जिवंत बारीक मासळी लागते. ती समुद्रात टाकून कुप्यांचा थवा होडीभोवती जमवायचा आणि मग भराभर गळ मारायचे. ही बारीक मासळी लगूनमध्ये, प्रवाळांच्या आडोशाला मिळते. भराव घालताना गढूळ झालेले पाणी प्रवाळांवर बसले की प्रवाळ गुदमरतात. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४, इतक्या वेळा समुद्र तापून ते आधीच पांढरे पडले आहेत. प्रवाळ गेले की बारीक मासळी गेली, ती गेली की गळ रिकामा. ‘पर्यटनाने रोजगार’ असे अहवालात लिहिणाऱ्याने आज असलेल्या रोजगारातून किती वजा होणार तेही त्याच पानावर लिहावे. खाली लिहा, बारीक टाइपात लिहा, पण लिहा.

बेटावरचे लोक म्हणजे निसर्गाचे भोळे राखणदार, असे चित्र मला रंगवायचे नाही. अगत्तीच्या लगूनमध्ये मागे हिरवी कासवे बक्कळ झाली होती. ती समुद्रगवत फस्त करतात म्हणून मासेमारांची त्यांच्यावर भलतीच खुन्नस आहे. मुंबई-पुण्याचा पाहुणा कासव पाहून हरखतो आणि तिथला माणूस कपाळाला आठ्या घालतो. त्यांनाही पैसा हवा, नोकरी हवी, फोनला रेंज हवी. विमानतळ मोठा झाला तर आनंदाने नाचणारेही तिथे असतील. मोपाच्या वेळी आमच्याकडेही होते. मी त्यातलाच एक होतो, सांगून टाकतो. पेडण्याला विमानतळ म्हणजे पेडण्याचे भाग्य उजळले, असे मी शाळेच्या स्नेहसंमेलनात बोललोही होतो.

भाग्य काही अंशी उजळलेही. माझा भाचा तिथे कामाला आहे. सिंधुदुर्गातल्या माणसाला विमान जवळ आले. पण आम्ही जे गमावले ते आधी मोजले नव्हते, म्हणून आता भांडताही येत नाही. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोपाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. कारण साधे होते: मंजुरीच्या अर्जात परिसरातली जंगले, पाणी, शेजारचा संवेदनशील भाग यांची जी माहिती द्यायला हवी होती ती दिलीच नव्हती. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, जादा अटी आल्या, अटींवर लक्ष ठेवायला ‘नीरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आली. ठीक. पण तोवर मूळ प्रश्न, म्हणजे सड्यावर काय काय आहे, हा न्यायालयापर्यंत जावा का लागला? सड्यावरच्या धनगरांच्या घरी एक दिवस बसला असता तर सगळे झरे त्यांनी बोटाने दाखवले असते. पुढे त्यांचीच घरे हलली. सडा म्हणजे नुसता कातळ असे ज्यांना वाटते त्यांनी तो उन्हाळ्यात पाहिलेला असतो. पावसाचे पाणी सडा धरतो आणि वर्षभर पायथ्याच्या बागायतींना सोडतो.

विमानतळ अजून उघडलाही नव्हता तेवढ्यात तालुक्याच्या झोनिंगचा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची याचा, आराखडा आला. २०२२ च्या ऑक्टोबरात पेडण्याचे लोक त्यावरून रस्त्यावर उतरले तेव्हा तो बाजूला ठेवावा लागला. मग टॅक्सीचे भांडण. आमच्या पोरांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या आणि विमानतळावर उभे राहायला जागा मिळावी म्हणून त्यांना आंदोलने करावी लागली. धावपट्टी एकटी येत नाही, तिच्या मागून जमिनीचा दलाल येतो. लक्षद्वीपच्या लोकांना हे कळते. २०२१ साली विकास प्राधिकरणाच्या मसुद्यावरून बेटांवर जो क्षोभ उसळला तो जमीन जाईल या भीतीनेच. ती भीती अडाणीपणाची होती असे ज्यांना वाटते, त्यांनी पेडण्यात येऊन आजचे जमिनीचे भाव विचारावेत. वीस वर्षांपूर्वी ज्याने काजूची बागायत विकली तो आज त्याच जमिनीवरच्या गेटवर राखणदार असतो, अशी दोन उदाहरणे माझ्या माजी विद्यार्थ्यांतच आहेत.

दाबोळीचाही एक धडा आहे, तो थोडक्यात सांगतो. तो विमानतळ पोर्तुगिजांनी १९५५ साली सुरू केला, १९६१ नंतर तो आपल्या नौदलाकडे आला आणि नागरी विमाने त्याच पट्टीवर पाहुण्यासारखी येऊ लागली. वर्षानुवर्षे सकाळचे कित्येक तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असायचे आणि गोव्याला येणारी विमाने दुपारी गर्दी करायची. नौदलाची गरज खरी होती, तक्रार नाही. पण मोपा का हवा, याचे एक मोठे कारण म्हणून पुढे हीच अडचण सांगितली गेली. मिनिकॉयला आणि अगत्तीला पट्टी लष्करी आणि नागरी अशी दुहेरी वापराची होणार असेल तर देशाच्या दृष्टीने तेही समजण्यासारखे आहे. मग पट्टीचे कोणते तास कुणाचे, रुग्ण न्यायचा असेल तर कोण कुणाला वाट देणार, हे आधी लिहून ठेवा. दहा वर्षांनी त्याच कारणासाठी शेजारच्या बेटावर तिसरी पट्टी मागायची वेळ येऊ नये.

आणि चिपी, सिंधुदुर्गाचा विमानतळ. आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर, परुळ्याच्या माळावर. २०२१ च्या ऑक्टोबरात थाटात उद्घाटन झाले, धावपट्टी चांगली अडीच किलोमीटरांची. पण मुंबईचे विमान कधी आहे, कधी रद्द, पुढे ते बंदच पडले. सिंधुदुर्गातल्या माझ्या पाहुण्यांत ‘आज इमान इला काय रे?’ हा एक कायमचा विनोद होऊन बसला. लांब पट्टी असली म्हणजे विमान येतेच असे नाही. विमान येते ते आसने भरली तर, किंवा सरकारने तोटा भरून दिला तर. अगत्तीला लगून बुजवून पट्टी लांबवली आणि पर्यटनाची लाट ओसरली, तर बुजवलेले परत कोण उकरणार?

मग करायचे काय, असे तुम्ही विचाराल, आणि ते विचारायलाच हवे. लांब पट्टीच्या खर्चातला छोटासा हिस्सा फेऱ्या वाढवायला वापरता येतो. दिवसाला एक मोठे विमान येण्यापेक्षा तीन छोटी आली तर बेटावरच्या माणसाला जास्त सोयीची: सकाळी कोचीला जाऊन डॉक्टरला दाखवून संध्याकाळी परतता येते, रात्रीचे लॉज वाचते. प्रत्येक फेरीत काही आसने बेटवासीयांसाठी शेवटच्या घटकेपर्यंत राखीव ठेवा आणि त्यांचे भाडे बांधून द्या. ‘उडान’ योजनेत भाड्याला मर्यादा घालायची आणि कंपनीचा तोटा भरून द्यायचा ही रीत आहेच, ती बेटासाठी कायमची करा, तीन वर्षांची नको. एखाद्या विमानात स्ट्रेचरची सोय कायम असू द्या. छोट्या पट्टीची विमाने बाजारात फारशी उरलेली नाहीत हे मला ठाऊक आहे. आठशे मीटरांत उतरू शकेल असे एटीआर ४२ बनवायचे घाटत होते, २०२४ मध्ये कंपनीने तो नाद सोडला. पण आपल्याच कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स डॉर्नियर २२८ बनवते, आणि २०२२ पासून ते नागरी प्रवाशांना घेऊन अरुणाचलात पासीघाटला जाऊ लागले. अगत्तीची पट्टी मुळात ज्या विमानासाठी बांधली ते हेच. अरुणाचलच्या डोंगराला चालते ते लक्षद्वीपच्या बेटाला का चालू नये, याचे उत्तर तुमच्याकडे असेल तर ते ऐकायला आवडेल.

सर्वोच्च न्यायालयानेच नेमलेल्या न्या. आर. व्ही. रवींद्रन समितीने लक्षद्वीपविषयी अहवाल दिला, त्यावरून बेटांचा एकात्मिक व्यवस्थापन आराखडा झाला. बेटावर काही करायचे तर तिथल्या निवडून आलेल्या लोकांना विचारून, आणि बेटाला झेपेल तेवढेच, असा त्याचा रोख. मी नवे काही मागत नाही. तुमच्याच कपाटात असलेले कागद बाहेर काढायला सांगतो आहे: पाणी किती, माणसे किती झेपतील, कचरा कुठे जाईल, कोणता किनारा खचेल, आणि या सगळ्याला पुरून धावपट्टी किती मीटर वाढवता येते. आधी हा आकडा काढा, मग त्यात बसेल ते विमान शोधा. आत्ता उलटे चालले आहे. आधी विमान ठरते, मग त्याच्या मापाने बेट.

जनसुनावणी घ्याल तेव्हा एक करा. आमच्याकडच्या सुनावण्यांना जाडजूड इंग्रजी अहवाल टेबलावर ठेवलेला असायचा, आणि आधी तो वाचलेला माणूस मंडपात एखादाच. अगत्तीला अहवाल मल्याळममध्ये द्या, महिनाभर आधी द्या, आणि त्यातले पाण्याचे आणि लगूनचे पान मोठ्या अक्षरात जेट्टीवर लावा, जिथे सकाळी होड्या लागतात. सुनावणी मासेमारीच्या दिवसांत ऐन दुपारी ठेवू नका. पावसाळ्यात ठेवा, तेव्हा होड्या ओढून काठावर घेतलेल्या असतात आणि माणसे घरी असतात. अधिकाऱ्यांना तेव्हा यायला त्रास होईल, समुद्र खवळलेला असेल, विमान रद्द होईल. होऊ दे. निदान तेव्हा बेटावरचा माणूस कशाला विमान मागतो ते कळेल.

या पत्राचे उत्तर मराठीत आले नाही तरी चालेल. मल्याळममध्ये पाठवले तरी हरकत नाही, आमच्या वाड्यावर केरळच्या एक नर्सबाई भाड्याने राहतात, त्या वाचून दाखवतील. फक्त मला पाठवण्याआधी ते अगत्तीच्या जेट्टीवर लावा. विमानातले ते शेजारचे गृहस्थ रोज सकाळी तिथे येतात, असे उतरताना म्हणाले होते.

आपला,
मोपाच्या पायथ्याचा एक निवृत्त शिक्षक
पेडणे, गोवा